उजनीच्या पाण्यावर येळवस

तर सगळ्यात आधी कोण आलं म्हणाल, तर आमची शाहिनभाभी. केसांना मेंदी थापलेली, तिच्यावर दुधाची रिकामी पिशवी बांधलेली, आणि त्या अवतारात सकाळी सहाला दारात उभी. समोरच्या लक्ष्मीबाई नळाला पाणी भरत होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला आणि हसू दाबलं, ते मला दिसलं. भाभीला त्याचं काय? ती आत आली, ओट्यावरच्या पातेल्यांची झाकणं एकेक करून उचलून बघितली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आक्का, इत्ता कौन खाएंगा गे?"

मी म्हटलं, "येनारे येतील की."

दुसरं कोणी आलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, ही बाई उजनीच्या सहलीचं सांगणार होती आणि पातेलीच सांगत बसली. पण पातेल्यांशिवाय ही सहल सांगताच येत नाही. आणि मला एका वळणानं सांगायची सवय नाही, हे कडक भाकरीची कृती वाचायला इथं येणाऱ्यांना माहीत आहेच. मी तिसरीपर्यंत शिकलेली. फोनवरचं हे पान माझ्या नातीनं, पूजानं, काढून दिलं आणि म्हणाली, "आजी, बोलतेस तसंच लिही." तसंच लिहिते.

त्या दिवशी येळवस होती. वेळ अमावस्या. पुण्या-मुंबईकडच्यांना ती ठाऊक नसते म्हणून सांगते. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्या सोलापूर-अक्कलकोटकडे कोणी घरात जेवत नाही. सगळी रानात जातात. उभ्या ज्वारीत कडब्याची कोप, छोटं खोपटं, करायची, आत पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पुजायचे. मग आंबिलाची बिंदगी, म्हणजे मातीची कळशी, घेऊन रानाला फेरी मारायची आणि आंबील शिंपडत जायचं. मोठ्यानं ओरडायचं, "ओलगे, ओलगे!" त्याचा अर्थ काय ते मला कोणी सांगितलं नाही, माझ्या सासूबाईंनाही माहीत नव्हता. शेजारच्या रानात ऐकू गेलं पाहिजे, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. आणि मग जेवायचं, पण एकट्यानं नाही. ज्यांना रान नाही त्यांना बोलवायचं. रस्त्यानं जाणारा असेल तर त्याला हाक मारायची. येळवशीला एकटं जेवलं तर ते जेवणच नाही.

अक्कलकोटच्या पुढे आमचं रान होतं. शाहिनभाभीचं सगळं घर दरसाल आमच्याकडे यायचं, लक्ष्मीबाईही यायच्या. मालक गेले, मग दिरांनी रान विकून टाकलं. त्यांचं काही चुकलं नाही, कसणारं कोणी राहिलंच नव्हतं. मुलगा-सून सुरतेला, पूजा पुण्यात नोकरीला. मागच्या येळवशीला मी घरात बसून वाटीभर आंबील प्यायले. ते पोटात उतरेचना. लक्ष्मीबाईंना बोलवावं म्हटलं, पण रान नाही तर कशाला बोलवायचं, असं वाटून दार लोटून घेतलं.

म्हणून या वर्षी पूजाच म्हणाली, "आजी, रान नाही तर नाही. आपण पाण्यावर जाऊ. उजनीला लांब पायांचे गुलाबी पक्षी येतात, ते बघू. मी पुण्याहून रेल्वेनं जेऊरला उतरते, तू सोलापूरहून गाडीनं ये. तिथंच येळवस करू."

ही पोर दहावीपर्यंत माझ्या कुशीत झोपलेली. तिला माझी येळवस लक्षात होती, यातच माझं अर्धं पोट भरलं. मी चार दिवस आधीपासून वाल, तूर, वाटाणा, ओला हरभरा असं सगळं सोलत बसले. भज्जी, म्हणजे या सगळ्यांची मिसळीची भाजी, करायची तर घरात सोललेल्या दाण्यांची. पंधरा माणसांचा माझा हात आहे, कमी करताच येत नाही.

आदल्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. "आजी, सॉरी गं. रिलीज आहे, सुट्टी मिळेना."

रिलीज म्हणजे काय ते मला माहीत नाही. पण ते आलं की माणसं घरी येत नाहीत, एवढं कळलंय.

मी म्हटलं, "बरं बाई, काम आधी." फोन ठेवला आणि आंबिलात लसूण ठेचून घातला. मग भाभीला सांगायला गेले की उद्याचं रद्द. ती भाकरी थापत होती, मागे न बघता म्हणाली, "रद्द काहे कू? गाडी इरफान की, पेट्रोल उसका, पोटं आमची. चलते." इरफान तिचा मुलगा, भाड्याची गाडी चालवतो. त्या दिवशी त्याला भाडं नव्हतं.

तर असे आम्ही तिघे निघालो. पूजाच्या जागेवर बिंदगी ठेवली. इरफाननं विचारलं, "आक्का, हिला शीटबेल्ट लावू?" मला वाटलं चेष्टा करतोय, पण त्यानं खरंच लावला. सबंध रस्ता मी तिकडे बघायची आणि मला वाटायचं, कोणीतरी गप्प माणूस शेजारी बसलंय.

जाणाऱ्यांसाठी रस्ता सांगून ठेवते. सोलापूरहून पुणे रस्त्यानं मोहोळ, मोडनिंब, टेंभुर्णी. तिथपर्यंत रस्ता असा की बिंदगीतला थेंब हलला नाही. दोन टोलनाके लागतात. मोडनिंबला चहा घ्या, पण बशीत मागू नका, आता बशी देत नाहीत. टेंभुर्णीहून करमाळ्याच्या रस्त्याला वळायचं. कंदरला दोन्ही बाजूंनी केळीच केळी. हिवाळ्यात गेलात तर हाताशी एक तास जास्तीचा ठेवा, कारण उसाच्या ट्रॉल्या. एकाच्या मागे एक तीन, आणि गाणी अशी मोठ्यानं की आपल्या गाडीतलं बोलणं बंद. भाभी मात्र त्या गाण्यांवर मान हलवत होती. मेंदी तिनं मोडनिंबच्या नळावर धुतली, तेवढ्यात चहावाल्याशी भांडलीही. जेऊर आलं तशी मी स्टेशनच्या पाटीकडे बघितलं. उगाच. ती येणार नाही हे ठाऊक होतं.

जेऊरच्या पुढे केत्तूरच्या अंगाला गेलात की पाणी दिसायला लागतं. आधी झाडीतून एक पट्टी. मग दुसरी. मग रस्ता वर चढतो आणि इरफान म्हणतो, "आता बघा आक्का."

मी समुद्र बघितलेला नाही. तळं म्हणजे आमच्या सिद्धेश्वराचं, ज्याचा पलीकडचा काठ दिसतो आणि काठावरचा ओळखीचा माणूसही दिसतो, अशी माझी समजूत. इथं पलीकडे नुसतं धुरकट. वारा असा की पदर डोक्यावर ठरेना. मध्येच पाण्यात एक वाळकं झाड उभं, त्याच्या फांदीफांदीवर काळे पाणकावळे पंख पसरून बसलेले, बायकांनी वाळवणं घालावीत तसे. मी हात जोडले. भाभी म्हणाली, "मंदिर नाही ते." मी म्हटलं, "मला ठाऊक हाय."

नाववाले दत्तूभाऊ म्हणून मिळाले. पन्नाशीचे, गळ्यात मफलर, बोलणं हळू. माणशी दोनशे म्हणाले, भाभीनं दीडशेवर आणले. तुम्ही गेलात तर दोनशेच द्या, दोन तास फिरवतात बिचारे. सकाळी लवकर गेलेलं चांगलं. आम्ही पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. बुडू नये म्हणून असतं ते जाकीट मात्र मागून घाला, मला घातलं तर मी माळ्यावर ठेवलेल्या उशीसारखी दिसत होते. इरफान गाडीपाशी थांबला, त्याला पाण्याची भीती वाटते. हे सांगू नका म्हणाला होता.

मी बिंदगी घेऊन नावेत चढायला लागले तसे दत्तूभाऊ म्हणाले, "मावशी, कळशी कशाला? पानी हितं लई हाय की."

"पानी न्हाय भाऊ, आंबील हाय. आज येळवस."

"आमच्याकडं न्हाय ती पद्धत. काय करत्यात?"

मी सगळं सांगितलं. मग मनात होतं ते विचारलं. "हितं काठाला कुनाची ज्वारी उभी हाय का? एक फेरी मारते, चार थेंब शिंपडते, झालं माझं."

दत्तूभाऊंनी वल्हं मारायचं थांबवलं. खाली पाण्याकडे बोट केलं. "मावशी, तुमी आत्ता आमच्या रानावरच बसलाय."

मी वाकून बघितलं. हिरवट पाणी, दुसरं काही नाही.

"आज्याचं रान. धरण झालं तवा गेलं. उन्हाळ्यात पानी उतरलं की बांध उघडा पडतो. तवा आमी गाळात कलिंगड लावतो. बाकी वर्सभर मासं राखत्यात."

भाभी म्हणाली, "अल्ला." माझं रान विकलं गेलं, तिथं आता दुसऱ्याची का होईना ज्वारी उभी असेल. यांचं रान तिथल्या तिथं आहे आणि दिसत नाही.

मग मी म्हटलं, "दत्तूभाऊ, बांध कुटनं कुटवर हाय ते ठावं हाय का?"

"डोळं झाकून."

"मग नाव बांधाबांधानं घ्या. फेरी मारू."

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा बिंदगीकडे. मग वल्हं हातात घेतलं. आणि बाया-बापड्यांनो, त्या माणसानं नाव अशी नेली जशी बैलाची जोडी बांधाच्या कडेनं नेतात. कोपरा आला की वळायची. "हितं आंबा व्हता," म्हणायचे. "हितं हीर." मी द्रोणानं आंबील घेऊन पाण्यावर शिंपडत होते. पांढरा थेंब पडायचा, पसरायचा, खाली जायचा.

आता ओरडायचं राहिलं होतं. आमच्यात ओरडायचं काम पुरुषाचं. मालकांचा आवाज असा की तीन रानं पलीकडचं कुत्रं भुंकायचं. आता घरात पुरुष माणूस नाही, दत्तूभाऊंना ते शब्द येत नाहीत, भाभी म्हणाली मी म्हटलं तर तुमचे देव गोंधळतील. मग मीच उभी राहिले. दत्तूभाऊ म्हणत होते "बसा, बसा," पण मी ऐकलं नाही. बिंदगी दोन्ही हातांनी वर धरली आणि ओरडले, "ओलगे! ओलगे!"

माझा एवढा मोठा आवाज आहे हे मला त्या दिवशी कळलं.

समोर उथळ पाण्यात एक पांढरट पट्टा होता, मला वाटलं होतं वाळू असेल. तो पट्टा उठला. सगळा एकदम. ते पक्षी होते हो, तेच, लांब पायांचे. मिटलेले असताना पांढरे, पण पंख उघडले तर आतून डाळिंब फोडल्यासारखे. चारशे असतील की पाचशे, मी मोजले नाहीत. लांब मान पुढे, लांब पाय मागे, डोक्यावरून गेले तेव्हा वाऱ्याचा आवाज नाही, पंखांचा आवाज. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले, भाभीनं माझं जाकीट मागून घट्ट धरलं होतं.

आणि मग बोलणी बसली.

जरा पुढे लव्हाळ्याच्या आड दुसरी नाव होती, ती आम्हाला दिसलीच नव्हती. त्यात एक गृहस्थ, मांडीएवढा कॅमेरा. ते उभे राहून हातवारे करायला लागले. "ओ आजी! ओरडता काय? शुद्ध आहे का? पहाटेपासून बसलोय आम्ही! उडवून लावलेत सगळे!"

त्यांच्या शेजारच्या बाई म्हणाल्या, "अहो, आता तुमच्या ओरडण्यानं राहिलेले बगळेपण गेले."

मी खाली बसले. इतकी शरम वाटली की सांगता येत नाही. आमच्याकडे जितकं मोठ्यानं ओरडाल तितकं रान पिकतं, आणि इथं ते ओरडणं पाप झालं. मी दत्तूभाऊंना विचारलं, "भाऊ, आता येत न्हाईत का वो परत?"

"येतील की मावशी. त्यांचं पोट हितंच हाय. ज्याचं पोट जितं असतंय, तितं त्यो येतोय."

त्यांनी सहज म्हटलं. मला मात्र लागलं. पूजाचं पोट पुण्यात आहे.

काठाला बाभळीखाली चवाळं अंथरलं. पाच दगड मांडले, हळद-कुंकू लावलं. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, तिळाची भाकरी, शेंगपोळी, गव्हाची खीर, शेंगाचटणी. पत्रावळी टाकल्या, आणि हात आपोआप पंधरा टाकून गेला. आम्ही माणसं चार. उरलेल्या पत्रावळी वाऱ्यानं उडायला लागल्या, तर मी त्यांच्यावर एकेक दगड ठेवला. भाभी बघत होती. तिनं माझ्या शेजारच्या पत्रावळीवर दगडाऐवजी एक उंडा ठेवला. तिला ठाऊक, पूजाला उंडे आवडतात.

तेवढ्यात ती दुसरी नाव काठाला लागली. गृहस्थ मान खाली घालून कॅमेरा पुसत चालले होते, बाई मागे. मला वाटलं आता शिव्या पडणार. पण येळवशीला रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारायचीच असते. गडबडीत माझ्या तोंडातून माहेरचं कानडी बाहेर पडलं. "बर्री, बर्री! ऊटक्क बर्री!"

दोघे थांबले. भाभीनं मराठीत सांगितलं, "जेवायला या म्हणतीय. या, नाहीतर ती परत ओरडंल."

त्या बाई जे हसायला लागल्या! नाशिकचे दोघे, नोकरीतून सुटलेले, गावोगाव पक्षी बघत फिरतात. बाईंचं नाव विजयाताई. त्यांचे मिस्टर आधी नको नको म्हणत होते, पण भज्जीचा एक घास घेतला आणि मग तीनदा मागितली. दत्तूभाऊंनी त्या नावेच्या माणसालाही ओढलं. जाळी धुणारे दोघे आले. त्यांनी घरून बायका आणल्या, बायकांनी पोरं आणली. हळूहळू पत्रावळीवरचे दगड उचलले गेले. फक्त उंडा ठेवलेली एक तशीच राहिली. विजयाताई तिथं बसायला आल्या, तर भाभी म्हणाली, "ती नको ताई, हितं माझ्याजवळ."

विजयाताईंनी विचारलं, "कोण यायचंय?"

मी म्हटलं, "नात. रिलीज हाय तिची."

विजयाताईंचे मिस्टर घास हातात धरून म्हणाले, "आमचा मुलगाही त्यातच आहे. बंगळूरला." मी त्यांना खीर वाढली.

जेवणं झाली. ते लोक पुन्हा कॅमेरे घेऊन गेले, भाभी गाडीत झोपली, इरफान दत्तूभाऊंकडून मासे कसे पकडतात ते काठावरूनच शिकत बसला. मी बाभळीखाली एकटी राहिले. भांडी घासायला पाण्याशी गेले, बिंदगी धुतली आणि तिथंच दगडावर बसले.

दुपारचं ऊन पाण्यावर असं होतं की डोळे मिटावे लागत होते. एवढं मोठं पाणी, आणि हाक मारावी असं कोणी नाही. मालक असते तर म्हणाले असते, "काय गं, पाय दुखतात का?" ते वर्षभर बोलायचे नाहीत, येळवशीला मात्र एवढं विचारायचे. मी माझी मीच म्हटलं, "व्हय, दुखत्यात." बरं वाटलं.

मग ते यायला लागले. आधी दोन. ते उतरले, चार पावलं पाण्यात पळाले, थांबले. मग सात-आठ. मग रांग धरून. मी श्वास धरून बसले, बांगडीसुद्धा वाजू दिली नाही. मान उलटी करून चिखलात चोच घालून खायला लागले, जणू कोणी कधी ओरडलंच नव्हतं. दत्तूभाऊंच्या आज्याच्या रानात, माझं आंबील शिंपडलं होतं तिथंच. खूप वेळ मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण गेलेही नाहीत. सोबत म्हणायची तर ती सोबतच होती.

निघताना विजयाताईंचे मिस्टर आले. कॅमेऱ्याची पाटी माझ्यापुढे धरली. "आजी, मघाशी मी फार बोललो. पण हे बघा." त्यात मी. नावेत उभी, बिंदगी वर, जाकीट फुगलेलं, तोंड आ वासलेलं, आणि मागे सगळं आभाळ डाळिंबी. "रागावलो होतो, पण बोट दाबत होतं," म्हणाले. फोटो भाभीच्या फोनवर आला, तिनं तिथूनच पूजाला धाडला.

विजयाताईंनी उरलेल्या भाकरी बांधून घेतल्या. गाडीत बसता बसता म्हणाल्या, "पुढच्या येळवशीला आम्ही इथंच. तुम्ही ओरडा, हे फोटो काढतील." त्यांचे मिस्टर म्हणाले, "नक्की." दत्तूभाऊ म्हणाले, "मंग मी पैसं घेनार न्हाय. आमच्याच रानाची फेरी हाय."

परतीला टेंभुर्णीच्या अलीकडे पूजाचा फोन आला. फोटो बघितला म्हणाली. मग म्हणाली, "आजी, तू उभी का राहिलीस गं नावेत? पडली असतीस म्हणजे?" मग म्हणाली, "माझा उंडा ठेवला होतास का?"

"ठेवला की."

"कोणी खाल्ला?"

मी सांगितलं, निघताना पाण्यात सोडला, माशांनी खाल्ला.

ती म्हणाली, "पुढच्या येळवशीला मी येणार. आत्ताच सुट्टी टाकून ठेवते. तारीख सांग."

"घरी जाऊन बघते," म्हटलं.

घरी आले, बिंदगी फडताळात उपडी ठेवली. लक्ष्मीबाई विचारायला आल्याच, काय बघितलं म्हणून. त्यांना उरलेली भज्जी दिली आणि म्हटलं, पुढच्या खेपेला तुम्हीही चला. पायाला दोन दिवस ठणका होता. जाण्यासारखं आहे का म्हणाल, तर आहे. मऊ चप्पल घाला, ओरडू नका, आणि एकटे असाल तरी पत्रावळी जास्त न्या.

दुसऱ्या दिवशी वाण्यानं नवं कॅलेंडर दिलं. मी खिळ्याला लावायच्या आधी चष्मा घालून बसले आणि मार्गशीर्षातली अमावस्या शोधायला लागले. डिसेंबरचं पान दोनदा बघितलं. मग मागून पुढे, पुढून मागे सगळं वर्ष बघितलं. सापडेना. भाभीला बोलावलं, तिलाही सापडेना. शेवटी लक्ष्मीबाईंनी सांगितलं, अहो, येत्या वर्षी अधिक महिना आहे, जेठ दोनदा. सगळं पुढे सरकलंय. तुमची येळवस त्या वर्षात नाहीच, ती त्याच्या पुढच्या जानेवारीत गेली.

वर्षापेक्षाही लांब. आणि तो महिना अजून छापलेलाही नाही.

पूजाला मी फोनवर तेवढं सांगितलं, जानेवारीत आहे म्हणून. ती म्हणाली, "अरे वा, चालेल." कुठली जानेवारी ते तिनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. सांगेन.

डिसेंबरचं पान जिथं संपतं, त्याच्या खाली थोडी कोरी जागा आहे. तिथं मी पेन्सिलीनं एक चौकोन काढलाय, सुताराची पट्टी लावून, सरळ. त्यात लिहिलंय: येळवस. पूजा, नाशिकचे दोघे, लक्ष्मीबाई, दत्तूभाऊंची नाव.